रात्रीच्या पोपटांचा राखणदार : रिचर्ड हेन्री

न्यूझीलंडचा नकाशा समोर घेऊन दक्षिण बेटाच्या नैऋत्य कोपऱ्याकडे पाहिले असता तेथील किनारा करवतीने कातरल्यासारखा दिसतो. प्राचीन काळी हिमनद्यांनी डोंगर पोखरून खोल दऱ्या केल्या. पुढे त्यांत समुद्र शिरला व त्यांच्या लांबच लांब, निमुळत्या खाड्या झाल्या. अशा खाडीस फ्योर्ड म्हणतात व त्यावरून या प्रदेशास फ्योर्डलंड हे नाव पडले. ज्या रिचर्ड हेन्रीचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत, त्याच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे याच निर्जन मुलखात गेली. त्याचा मुलूख ओळखल्यावाचून त्याचे काम समजणार नाही, म्हणून प्रथम त्या वनाची थोडी माहिती देतो.

आपल्याकडे चार महिने बरसून पर्जन्यराजा आपला मुक्काम हलवितो. फ्योर्डलंडात मात्र पश्चिमेचे वारे बाराही महिने समुद्रावरून ढग आणून डोंगरांवर रिते करीत असतात. काही ठिकाणी वर्षाकाठी सहा मीटरांहून अधिक, म्हणजे तीन पुरुषांहूनही जास्त उंचीचे पाणी पडते. हवा थंड, तरी वने सदैव हिरवी. बीच व रिमू हे तेथील मोठे वृक्ष. त्यांची खोडे शेवाळाच्या जाड आच्छादनाने झाकलेली असतात, आणि त्यांच्या सावलीत झाडांएवढे उंच नेचे वाढतात. पालापाचोळ्यातून झिरपून खाडीत उतरणारे पाणी चहाच्या रंगाचे असते व ते खाऱ्या पाण्यावर निराळा थर धरून राहते.

असे हे भरगच्च वन उभे कशावर असते? बहुतेक ठिकाणी नुसत्या कातळावर! उभ्या कड्यावर माती अशी जवळजवळ नाहीच. शेवाळ व पाने कुजून झालेल्या पातळ थरात मुळ्या एकमेकींत गुंतवून झाडे परस्परांच्या आधाराने तगून असतात. अतिवृष्टीत वरचे एखादे झाड निसटले की ते खालच्यांस ओढते, ती आणखी खालच्यांस ओढतात, आणि पाहता पाहता वनाची एक संपूर्ण पट्टी खाडीत कोसळते. मागे राहतो तो उघडा खडक. त्यावर पुन्हा शेवाळापासून आरंभ. हे दृश्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील हकिकतीत त्याचेच दुसरे रूप दिसावयाचे आहे.

या देशात वटवाघळांखेरीज जमिनीवरील एकही सस्तन प्राणी मुळचा नव्हता. मांजर नाही, कोल्हा नाही, उंदीरदेखील नाही. त्यामुळे कित्येक पक्ष्यांना उडण्याचे प्रयोजनच उरले नाही. किवी हा त्यांपैकी एक. दुसरा काकापो. मूळचे रहिवासी जे माओरी लोक, त्यांच्या भाषेत या नावाचा अर्थ रात्रीचा पोपट असा आहे. रंगाने शेवाळासारखा हिरवा, वजनाने नर चार किलोपर्यंतही भरणारा, असा हा जगातील सर्वांत जड पोपट. तो दिवसा झोपतो, रात्री पायी हिंडतो, आणि भय वाटताच जागच्या जागी निश्चल बसतो. आकाशातून नजरेने शिकार शोधणाऱ्या शत्रूपासून बचावण्यास ही युक्ती उत्तम होती. वासाने माग काढणाऱ्या शत्रूपुढे मात्र तिचा काडीचाही उपयोग नव्हता.

रिचर्ड हेन्रीचा जन्म ता. ४ जून १८४५ रोजी आयर्लंडमधील अथाय या गावी झाला. तो सहा वर्षांचा असता त्याचे कुटुंब देशत्याग करून ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांती गेले. लहानपणीच त्याचे मातृछत्र हरपले. शाळेपेक्षा रानात त्याचे मन अधिक रमे, आणि रानाची विद्या त्याने तेथील आदिवासींच्या सहवासात मिळविली. वयाच्या तिशीच्या सुमारास तो न्यूझीलंडात आला व १८८३ साली फ्योर्डलंडच्या सीमेवरील टे आनाऊ सरोवराकाठी झोपडी बांधून राहिला. ससे मारणे, होड्या बांधणे, प्रवाशांस वाट दाखविणे, मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांत पेंढा भरून ते संग्रहालयांस पुरविणे, असे नाना उद्योग करून तो पोट भरी. उरलेला वेळ तो पक्षी पाहण्यात घालवी, आणि जे पाही ते वर्तमानपत्रांतून साध्या भाषेत लिही.

याच काळी त्या देशात एक मोठी चूक घडत होती. वसाहतवाल्यांनी शिकारीच्या हौसेने व मांसासाठी ससे आणून सोडले होते. त्यांची संख्या बेसुमार वाढून त्यांनी मेंढ्यांची कुरणे फस्त केली. तेव्हा सशांचा नायनाट व्हावा म्हणून स्टोट, वीझल व फेरेट ही मुंगसाच्या चणीची चपळ मांसाहारी जनावरे १८८० नंतरच्या काही वर्षांत मुद्दाम परदेशातून आणून मोकळी सोडण्यात आली. पक्षिशास्त्रज्ञांनी यास विरोध केला. परंतु लोकरीच्या उत्पन्नापुढे पक्ष्यांची कैफियत कोण ऐकतो? सशापेक्षा न उडणारा पक्षी धरणे सोपे, हे त्या जनावरांस कोणी शिकवावे लागले नाही. सरोवराभोवतालच्या रानात पक्ष्यांचे आवाज कमी कमी होत चालले आहेत, हे हेन्रीने स्वतःच्या कानांनी अनुभवले.

तेव्हा काही विचारी गृहस्थांच्या आग्रहावरून सरकारने १८९१ साली डस्की साउंड या खाडीतील रेझोल्यूशन नावाचे बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले. कॅप्टन कुक १७७३ साली या खाडीत उतरला होता व त्याच्याच जहाजाचे नाव या बेटास मिळाले आहे. मुख्य भूमीवर संहार चालला असता सभोवार पाणी असलेले हे विस्तीर्ण बेट सुरक्षित राहील, अशी सर्वांची समजूत होती. बेटाच्या राखणदाराची नेमणूक मात्र लांबणीवर पडत गेली. ती जागा आपणांस मिळत नाही असे वाटून हेन्री इतका खचला की, त्याची जगण्याची इच्छाच नाहीशी झाली होती. अखेर १८९४ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, ते काम त्याच्याकडे आले.

जवळच्याच पिजन बेटावर त्याने घर उभारले. सरकारी आगबोट शिधा व टपाल घेऊन कित्येक महिन्यांनी एकदा येई. एरव्ही पाऊस, वारा आणि लहानसे शिडाचे तारू, एवढाच त्याचा संसार. मुख्य भूमीवरील उभ्या कड्यांच्या रानात जाऊन काकापो व किवी जिवंत धरावयाचे, ते पिंजऱ्यांत घालून होडीपर्यंत पाठीवर वाहून आणावयाचे, आणि खवळलेली खाडी ओलांडून बेटावर सोडावयाचे, असा त्याचा क्रम होता. पक्षी शोधण्यास त्याने कुत्रा शिकविला होता. पक्ष्यास इजा होऊ नये म्हणून त्या कुत्र्याच्या तोंडास मुसके बांधीत, आणि दाट झाडीत तो कोठे आहे हे कळावे म्हणून गळ्यात घंटा घालीत. ज्या वासामुळे स्टोट काकापोचा घात करी, त्याच वासाचा उपयोग हेन्रीने त्याच्या रक्षणासाठी करून घेतला. सहा वर्षांत त्याने शेकडो पक्षी हलविले. त्यांत काकापो दोनशेहून अधिक होते. दुर्मीळ पक्षी सुरक्षित बेटावर नेऊन वाचवावा, या कल्पनेचा इतक्या मोठ्या प्रमाणावर त्या देशात झालेला हा पहिलाच प्रयोग होय.

सन १९०० मध्ये बेटावर आलेल्या काही प्रवाशांनी त्यास सांगितले की, किनाऱ्यावर एका पक्ष्याच्या पाठीस वीझलसारखे जनावर लागलेले आम्ही पाहिले. हेन्रीचा त्यावर विश्वास बसेना. परंतु काही महिन्यांनी ते जनावर त्याने स्वतःच पाहिले. स्टोट उत्तम पोहतो, आणि मुख्य भूमी व बेट यांमधील पाणी त्यास अडवू शकले नव्हते. वाचकांस ते कड्यावरचे झाड आठवत असेल. कुरणासाठी कोणी ससा आणला, सशासाठी कोणी स्टोट आणला, आणि त्या ओढीत शेवटी एका माणसाची सहा वर्षांची मेहनत खाडीत गेली. पुढील काही वर्षांत रेझोल्यूशन बेटावरील काकापो नामशेष झाले.

दुसरा कोणी असता तर दुसऱ्याच बोटीने निघून गेला असता. हेन्री आणखी आठ वर्षे तेथेच राहिला. जे पक्षी वाचविता येत नव्हते, त्यांचे निदान यथार्थ वर्णन तरी मागे राहावे म्हणून त्याने आपली निरीक्षणे चालूच ठेविली. काकापोचे नर जमिनीत वाटीसारखे खळगे करून तेथून रात्री घुमतात. पिलांस मादी एकटीच वाढविते. आणि हे पक्षी दरवर्षी अंडी घालीत नाहीत, अशा गोष्टी त्याने टिपल्या. न्यूझीलंडातील न उडणाऱ्या पक्ष्यांवरील त्याचे पुस्तक १९०३ साली प्रसिद्ध झाले. आज शास्त्रज्ञांस माहीत आहे की, रिमू वृक्षांस दोन ते चार वर्षांनी जेव्हा फळांचा बहर येतो, तेव्हाच काकापोची वीण होते. म्हणजे या पक्ष्याचे वंशसातत्य त्या वनाच्या फळण्यावर अवलंबून आहे. वन गेले तर नुसता पक्षी जपून भागावयाचे नाही.

१९०८ साली हेन्रीची बदली कापिटी बेटावर झाली. काही वर्षांनी त्याने नोकरी सोडली. म्हातारपणी त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली, आणि १९२९ साली ऑकलंड येथील मनोरुग्णालयात त्याचे देहावसान झाले. त्याच्या अंत्यविधीस त्याच्या गावचा पोस्टमास्तर तेवढा हजर होता असे सांगतात.

चरित्र येथे संपावयास हवे होते. परंतु तसे झाले नाही. १९५२ साली फ्योर्डलंडास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. १९७० नंतरच्या काही वर्षांत शोध करता तेथे अवघे अठरा काकापो आढळले, आणि ते सर्व नर निघाले. त्यांपैकी १९७५ साली सापडलेल्या एका नरास शोधकांनी रिचर्ड हेन्री हेच नाव दिले. पुढे त्याच्याखेरीज त्या भागातील एकही ज्ञात काकापो उरला नाही. दक्षिणेकडील स्ट्यूअर्ट बेटावर मात्र काही काकापो, माद्यांसह, सापडले होते, आणि त्यांस शत्रुरहित बेटांवर हलविण्यात आले. १९९५ साली जगात एकंदर ५१ काकापो उरले होते. १९९८ साली मॉड बेटावर फ्योर्डलंडच्या त्या वृद्ध नरास एका मादीपासून तीन पिले झाली, आणि नष्ट होत आलेला एक वंश टिकला. तो पक्षी २०१० साली मेला. २०२२ साली काकापोंची संख्या २५२ पर्यंत पोहोचली होती.

ही वाढ झाली ती हेन्रीच्याच रीतीने, म्हणजे पक्ष्यांस बेटावर नेऊन. अंतर इतकेच की, बेटावर शत्रू पोहोचू नये म्हणून आता सापळ्यांचा पहारा असतो. त्याच डस्की साउंडमधील अँकर बेटावर २००५ साली काकापो पुन्हा नेण्यात आले, आणि २००८ पासून खुद्द रेझोल्यूशन बेटावर स्टोटविरुद्ध सापळे लावण्यात येत आहेत.

आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस या चरित्रातून काय घेण्याजोगे आहे? परीक्षेतील यश आपण गुणांनी मोजतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या मापाने हेन्री सपशेल नापास ठरेल. पक्षी वाहून नेण्याचे त्याचे काम मातीस मिळाले. त्याने लिहून ठेविलेले सत्य व घालून दिलेली वाट मात्र त्याच्या पश्चात कामास आली. तथापि या विचाराने आपण फार निश्चिंतही होऊ नये. एक स्टोट पाण्यात उतरण्यास किती वेळ लागला असेल? काही क्षण. त्याची भरपाई करण्यास एका शतकाहून अधिक काळ लागला, आणि ती अद्याप पुरी झालेली नाही. जे वन कातळावर केवळ मुळ्यांच्या गुंफणीने उभे आहे, त्यात काही नवे आणून सोडण्यापूर्वी वा त्यातले काही काढून घेण्यापूर्वी, रानात हिंडणाऱ्या एखाद्या हेन्रीला विचारावे, आणि तो जे सांगेल ते वेळेवर ऐकावे.