डॉ. भीमराव आंबेडकर आणि उद्देशिकेतील चौथा शब्द

आमच्या पिंपळगाव बसवंत येथील व आसपासच्या खेड्यांतील मुले शाळेत राज्यघटनेची उद्देशिका एका सुरात म्हणतात. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही चार मोठी तत्त्वे तीत सांगितली आहेत. पहिल्या तिहींचा अर्थ मुले बहुधा सांगू शकतात. चौथ्यापाशी मात्र ती अडतात, आणि वडील माणसेही त्यांस फारशी मदत करू शकत नाहीत. हा चौथा शब्द उद्देशिकेत कसा आला, हे ज्यांच्या चरित्रावरून कळते त्या डॉ. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांची थोडक्यात हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी हे कबीरपंथी व विद्येची आवड असलेले गृहस्थ होते. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. पुढे कुटुंब साताऱ्यास आले. तेथील शाळेत महार जातीच्या ह्या मुलास इतरांपासून निराळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर नळास हात लावण्याची मनाई असे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसला तर तहान सोसावी लागे.

अशा स्थितीतून त्यांनी विद्या मिळविली. १९१२ साली ते बी. ए. झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले व तेथून पुढे लंडनला. परंतु १९१७ साली बडोदे संस्थानच्या चाकरीवर रुजू होताच एवढ्या विद्वानास त्या शहरात राहण्यापुरती जागा मिळेना, आणि नोकरी सोडून परत यावे लागले. विद्येने मान मिळतो खरा. पण शेजार मिळतोच असे नाही, हे त्यांनी भरल्या तरुणपणी अनुभविले.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा ठराव केला, आणि १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केले. तरी प्रत्यक्षात पाणी कोणाच्या ओंजळीत पडले नाही. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या लोकांसह तळ्यावर गेले व त्यांनी पाणी घेतले. त्याबद्दल लोकांस मार खावा लागला, आणि पुढे दहा वर्षे खटला चालून १९३७ साली उच्च न्यायालयात त्यांचा हक्क मान्य झाला. ठराव कागदावर असून पाणी नाही, हा धडा ह्यावरून मिळाला.

आमच्या नाशिक जिल्ह्याचा तर त्यांच्या चरित्राशी फारच निकटचा संबंध आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे त्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव गायकवाड ह्यांनी त्याचा मोठा भार वाहिला. वर्षांमागून वर्षे गेली, दरवाजे उघडले नाहीत. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथील परिषदेत आपण हिंदु म्हणून मरणार नाही असा निश्चय त्यांनी जाहीर केला.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. ते कायदामंत्री झाले, आणि २९ ऑगस्ट रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. उद्देशिकेचा पाया पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांनी १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेल्या ठरावात आहे. त्या ठरावात न्याय, स्वातंत्र्य व समता होती, बंधुता नव्हती. ती मसुदा समितीने घातली. फाळणीच्या रक्तपाताचे ते दिवस होते, आणि गांधीजींचा खून होऊन महिनाही लोटला नव्हता. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा सादर करताना डॉ. आंबेडकरांनी कळविले की, बंधुभावाची गरज देशाला ह्यापूर्वी कधी इतकी भासली नव्हती, म्हणून हे कलम घातले आहे.

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा झाली. ईश्वराच्या नावाने आरंभ करावा अशी सूचना एच. व्ही. कामत ह्यांनी आणली. मते घेतली तेव्हा ती ४१ विरुद्ध ६८ अशी नामंजूर झाली. विरोध करणाऱ्यांत श्रद्धाळू माणसेही होती. पण श्रद्धेची सक्ती होऊ नये असे त्यांचे म्हणणे पडले. आमच्या वाचकांनी ह्याचे वाईट मानू नये. ज्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याने आमची मंडळी रविवारी उघड्या दाराने भजनास बसते, ते ह्याच विचारातून आले आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी मोठी सूचना दिली. राजकारणात प्रत्येकास एक मत मिळेल, परंतु समाजात व संसारात विषमता राहील. ती लवकर दूर न केली तर उभारलेली इमारत टिकणार नाही. आणि बंधुतेवाचून समता व स्वातंत्र्य ही वरच्या रंगासारखी ठरतील, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी घटना स्वीकृत झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला, आणि त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले.

न्याय कोर्टात मागता येतो. स्वातंत्र्य व समता ह्यांचे हक्क कलमांनी बांधून दिले आहेत, आणि १७ व्या कलमाने अस्पृश्यता गुन्हा ठरविली आहे. परंतु शेजाऱ्यास भाऊ माना असा हुकूम कोणतेही न्यायालय बजावू शकत नाही. आमच्या बाजारात कांद्याची जात पाहतात, आणणाऱ्याची पाहत नाहीत. पण सोयरीक जुळविताना व पंगत बसताना तीच माणसे निराळी होतात. ख्रिस्ती मंडळ्यांतही जातिभेद टिकून आहे, हे डॉ. आंबेडकरांनी आपल्या लेखांत दाखविले, आणि ते खोटे आहे असे आम्हांस म्हणता येत नाही. उद्देशिकेचा आरंभ आम्ही ह्या शब्दाने होतो. त्या आम्ही मध्ये आपण कोणास धरितो व कोणास वगळितो, ह्याचा विचार प्रत्येक मंडळीच्या पंचांनी व प्रत्येक घरच्या वडिलांनी पुढच्या लग्नाच्या बोलणीपूर्वी अवश्य करावा.