इरावतीबाईंचा प्रबंध

इरावती ही ब्रह्मदेशातील थोर नदी. त्या देशातील मिंज्यान या गावी १५ डिसेंबर १९०५ रोजी गणेश हरी करमरकर यांच्या घरी एक कन्या जन्मली. आईवडिलांनी तिला त्या नदीचेच नाव दिले. सात वर्षांची होताच तिला शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेत पाठविण्यात आले. पुढे ती रँग्लर परांजपे यांच्या घरी राहिली; तेथे वाचनाला आणि वादविवादाला तोटा नव्हता. तत्त्वज्ञान घेऊन ती १९२६ साली पदवीधर झाली आणि दोन वर्षांनी मुंबई विद्यापीठाची एम. ए. झाली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकरराव यांच्याशी तिचा विवाह झाला.

इरावतीबाईंना पुढे शिकावयाचे होते. मनुष्यप्राणी कसा उत्क्रांत झाला, माणसामाणसांत भेद का पडले, त्यांतले वारशाने काय येते, याचा शोध घेणाऱ्या मानवशास्त्राने त्यांना ओढ लावली होती. त्यासाठी जर्मनीस जावे असे ठरले. स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींनीच या बेताला विरोध केला, हे नवल खरे! पण दिनकरराव पत्नीच्या पाठीशी उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन १९२८ साली बाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनमध्ये मानवाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करणारी एक मोठी संस्था नुकतीच निघाली होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक झाले. डॉक्टरेट ही पदवी मिळविण्यासाठी विद्यार्थ्याला स्वतः संशोधन करून प्रबंध लिहावा लागतो. फिशर यांनी विषय दिला तो माणसाच्या कवटीचा. कवटीच्या उजव्या व डाव्या बाजू अगदी सारख्या नसतात. ही असमानता गोऱ्या युरोपीयांत विशेष असते आणि तिचा त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी संबंध आहे, अशी फिशर यांची धारणा होती. शिष्येने मोजमापे घेऊन ती सिद्ध करावी, ही अपेक्षा.

बाईंपुढे १४९ कवट्या होत्या. काही युरोपातील, तर काही आफ्रिकेतील जर्मनांच्या जुन्या वसाहतींतून आणलेल्या. त्या कधीकाळी चालत्याबोलत्या माणसांच्या होत्या. आता त्यांवर केवळ क्रमांक होते. एकेक कवटी हाती घ्यावयाची, दोन्ही बाजू मोजावयाच्या, आकडे टिपून ठेवावयाचे आणि मग त्यांची तुलना करावयाची. काम कंटाळवाणे आणि भाषा परकी. शिवाय डोक्यावर कर्ज!

आकडे जमले तेव्हा त्यांतून निराळेच काही निघाले. असमानता सर्वच कवट्यांत होती. युरोपीय कवटी आणि अन्य कवटी यांत त्या बाबतीत भेद दिसेना. आता काय करावे? गुरू त्या विषयातले नामांकित पंडित होते आणि पदवी त्यांच्याच हाती होती. चार आकडे गाळले असते, तर कोणाला कळले असते? बाईंनी तसे केले नाही. जे मोजले तेच त्यांनी प्रबंधात मांडले आणि या असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष लिहिला. फिशर यांना तो रुचला नाही. त्यांनी प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली. पण पदवी नाकारता आली नाही. १९३० साली इरावतीबाई डॉक्टर होऊन स्वदेशी परतल्या.

तीनच वर्षांनी जर्मनीत हिटलरची सत्ता आली. फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वंशश्रेष्ठत्वाच्या ज्या कल्पना त्यांच्यासारख्यांनी पसरविल्या होत्या, त्यांचा आधार घेऊन पुढे लक्षावधी निरपराध माणसांची हत्या झाली.

इकडे बाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या. मोजण्याची उपकरणे त्यांनी टाकून दिली नाहीत. ती घेऊन त्या खेडोपाडी आणि रानावनांत हिंडल्या, नाना जातीजमातींच्या लोकांत राहिल्या, त्यांची नातीगोती आणि चालीरीती लिहून घेतल्या. भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. मराठीत त्यांनी ललित निबंधही लिहिले. महाभारतातील व्यक्तींवरील ‘युगान्त’ या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालविणारी ही विदुषी पाहून लोक थबकत. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.