येशूचे नाव लावणारा संघ



३१ जुलै रोजी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा सण असतो. संत फ्रान्सिस यांचे अनुयायी फ्रान्सिस्कन, संत डॉमिनिक यांचे डॉमिनिकन. मग इग्नेशियस यांच्या संघाला त्यांचे नाव का नाही?

१४९१ साली स्पेनच्या बास्क प्रांतात सरदार घराण्यात जन्मलेल्या इनिगोला (हे त्यांचे मूळ नाव) नावलौकिकाची फार हौस होती. २० मे १५२१ रोजी पँप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर प्रभू येशूचे व संतांचे चरित्र वाचता वाचता त्यांचे मन पालटले. पुढे पॅरिसला शिकताना सोबती मिळाले आणि १५ ऑगस्ट १५३४ रोजी सात जणांनी मोंमार्त्रच्या टेकडीवर व्रते घेतली. फ्रान्सिस झेवियर त्यांच्यापैकीच एक.

१५३७ साली प्रश्न आला : तुम्ही कोण, असे लोकांनी विचारल्यास काय सांगायचे? त्यांना कोणी प्रमुख नव्हता. येशूशिवाय आमचा पुढारी नाही, म्हणून आम्ही येशूच्या संघाचे, असे सांगायचे ठरले. त्यांचा ‘कंपनी’ हा शब्द लष्करी वाटतो खरा, पण त्या काळी इटलीत भक्तमंडळांनाही तोच शब्द वापरत. त्याच वर्षी रोमजवळ ला स्तोर्ता येथील प्रार्थनामंदिरात, पिता आपल्याला क्रूस वाहणाऱ्या पुत्राच्या स्वाधीन करीत आहे, असा अनुभव इग्नेशियस यांना आला. त्यानंतर नावाबद्दल ते तसूभरही हलले नाहीत. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी संघाला मान्यता दिली.

नावावर टीका झालीच. बाकीचे ख्रिस्ती लोक काय येशूचे नाहीत? मला हा आक्षेप अगदीच पोकळ वाटत नाही; नावाचाही गर्व होऊ शकतो. ‘जेझुइट’ हा शब्द तर मुळात टोमणा! उठता बसता येशूचे नाव घेऊन मिरवणारा, असा त्याचा अर्थ. इग्नेशियस यांनी तो कधी वापरला नाही. संघाच्या लोकांनी पुढे तो निमूटपणे स्वीकारला.

१५५६ साली इग्नेशियस निवर्तले, तेव्हा संघात सुमारे हजार जण होते. पुढे पोप पाचवे सिक्स्टस यांनी नाव बदलण्याचे ठरवले. संघप्रमुख अक्वाविवा यांनी आज्ञा मानून तसा मसुदाही तयार केला. पण ऑगस्ट १५९० मध्ये पोप वारले आणि मसुद्यावर सही झालीच नाही. १५९१ साली पोप चौदावे ग्रेगरी यांनी जुनेच नाव कायम केले. मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स याच संघाचे. येशूसंघीय फादरांच्या नावापुढे दिसणारी ‘एस. जे.’ ही त्याच नावाची लॅटिन आद्याक्षरे.