शेतकऱ्यांना शाळेत येता येईना, म्हणून कार्व्हरनी शाळाच खेचराच्या गाडीला जुंपली

वाचनाची आवड असलेल्या मराठी घरात एक पुस्तक हमखास सापडतं. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. 1981 साली आलेल्या या पुस्तकामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहिती झालं. शेंगदाण्यापासून तीनशे वस्तू बनवणारा शास्त्रज्ञ, अशी त्यांची ओळख आपल्या डोक्यात पक्की बसली आहे.

पण या शेंगदाण्याच्या नादात कार्व्हर यांचं त्याहून मोठं काम मागे पडतं. ज्या शेतकऱ्याकडे स्वतःची जमीन नाही, खत घ्यायला पैसा नाही आणि वाचताही येत नाही, त्याच्यापर्यंत शेतीचं शास्त्र कसं पोहोचवायचं, या एका प्रश्नावर त्यांनी आयुष्य काढलं. आज शेताच्या बांधावर येऊन प्रात्यक्षिक दाखवणारे कृषी सहाय्यक आपल्याला नवीन नाहीत. कार्व्हर यांच्या काळात मात्र अमेरिकेतल्या गरीब शेतकऱ्याने असं काही पाहिलेलंच नव्हतं.

सुरुवातीपासून बघू.

जॉर्जचा जन्म 1864 च्या सुमाराचा. नक्की तारीख कुणालाच माहिती नाही, कारण गुलामाच्या पोराच्या जन्माची नोंद ठेवायची पद्धत नव्हती. अमेरिकेच्या मिसुरी राज्यात डायमंड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या मोझेस कार्व्हर या शेतकऱ्याकडे जॉर्जची आई मेरी गुलाम होती. जॉर्ज तान्हा असताना माणसं पळवून विकणाऱ्या टोळीने या मायलेकरांना उचलून नेलं. मोझेसने माग काढायला माणूस पाठवला. बाळ परत मिळालं, आई मात्र कधीच सापडली नाही.

गुलामगिरी संपली. मोझेस आणि त्याची बायको सुझन यांनी जॉर्ज आणि त्याचा भाऊ जिम यांना घरीच वाढवलं. जॉर्ज तब्येतीने किरकोळ. शेतातली जड कामं त्याला झेपायची नाहीत. मग तो सुझनच्या हाताखाली स्वयंपाक, कपडे धुणं, विणकाम शिकला. उरलेला वेळ रानात. कुणाचं झाड सुकायला लागलं की लोक या पोराला बोलवायचे.

शिकायची हौस दांडगी, पण गावातल्या शाळेत काळ्या पोरांना प्रवेश नव्हता. साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी जॉर्ज घर सोडून निओशो गावाला गेला. तिथे मरिया वॉटकिन्स या सुईणीने त्याला आसरा दिला. पुढे कॅन्सस राज्यात या गावातून त्या गावात, लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून शिक्षण चालू राहिलं. 1879 साली फोर्ट स्कॉट गावात जमावाने एका काळ्या माणसाला ठार मारताना त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि ते गाव सोडलं.

मॅट्रिकनंतर हायलंड कॉलेजने पत्राने प्रवेश दिला. जॉर्ज सामान घेऊन दारात उभा राहिला, त्याचा रंग दिसला आणि प्रवेश रद्द झाला. पुढची काही वर्षं शिक्षण सुटलं. सरकारकडून मिळालेल्या पडीक माळावर मातीच्या ढेकळांचं घर बांधून त्याने शेती करून पाहिली.

शेवटी 1890 मध्ये आयोवा राज्यातल्या सिम्पसन कॉलेजात तो चित्रकला शिकायला गेला. त्याची चित्रं बघून शिक्षिका एटा बड यांच्या लक्षात आलं, की या पोराचं झाडांशी काही वेगळंच नातं आहे. त्यांचे वडील एम्स इथल्या आयोवा कृषी महाविद्यालयात फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी जॉर्जला तिकडे पाठवलं. तिथला तो पहिला काळा विद्यार्थी. 1894 ला पदवी, 1896 ला एम. एस्सी. मधल्या काळात तिथेच शिकवायलाही लागला. पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांत त्याचा हातखंडा होता. एम्समध्ये एका प्राध्यापकाचा लहान मुलगा या तरुणाबरोबर रानात झाडं बघत फिरायचा. तो मुलगा म्हणजे हेन्री वॉलेस, पुढे अमेरिकेचा कृषिमंत्री आणि नंतर उपराष्ट्राध्यक्ष झाला.

आयोवात राहिले असते तर कार्व्हर यांना उत्तम प्रयोगशाळा आणि सुखाची नोकरी होती. पण 1896 मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांचं पत्र आलं. अलाबामा राज्यात टस्कीगी इथे त्यांनी काळ्या मुलांसाठी संस्था काढली होती. शेती विभाग सांभाळायला या, असा निरोप होता. कार्व्हर गेले आणि मरेपर्यंत, म्हणजे 47 वर्षं, तिथेच राहिले.

टस्कीगीत प्रयोगशाळा नावालाही नव्हती. कार्व्हर यांनी विद्यार्थ्यांना उकिरड्यांवर पाठवलं. फुटक्या बाटल्या, डबे, तारा जे मिळेल ते गोळा केलं आणि त्यातून उपकरणं बनवली. पुढच्या वर्षी राज्य सरकारने प्रयोग केंद्राला मंजुरी दिली. वर्षाला पैसे किती? 1,500 डॉलर. जमीन मिळाली तीही कस गेलेली.

पण खरी अडचण कुंपणाबाहेर होती. आजूबाजूच्या मेकन काउंटीत बहुसंख्य काळे शेतकरी होते आणि त्यातले बरेचसे बटाईने शेती करणारे. जमीन गोऱ्या मालकाची. बी-बियाणं, पीठ, कापड दुकानदाराकडून उधार, तेही उभ्या पिकाच्या तारणावर. दुकानदाराला बाजारात रोख मिळवून देणारं पीक हवं असायचं, म्हणून तो म्हणणार कापूसच लाव. वर्षाच्या शेवटी हिशोब मालक आणि दुकानदार करणार. शेतकऱ्याच्या हातात शिल्लक क्वचितच, बऱ्याचदा नवं कर्ज.

दरवर्षी कापसावर कापूस घेऊन जमिनीतलं नत्र संपलं होतं. माती पावसाने वाहून जात होती. उत्पन्न घटलं की रासायनिक खत उधारीवर घ्यायचं, म्हणजे कर्ज आणखी वाढलं. खाणं म्हणजे मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस आणि काकवी. घराच्या दारापर्यंत कापूस, परसात भाजीचं एक रोप नाही.

इथे कार्व्हर यांनी एक नियम स्वतःला घालून घेतला. शेतकऱ्याला जे विकत घ्यावं लागेल, ते शक्यतो सांगायचंच नाही. पडलेला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ कुजवून खत करा. ओकच्या झाडाखाली पडलेली फळं डुकरांना चारा. प्रयोग केंद्राची 1898 ची पहिली पुस्तिका याच विषयावर होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिकाची फेरपालट करा. कापसानंतर चवळी, भुईमूग यांसारखी द्विदल पिकं घ्या.

यामागचं शास्त्र सोपं आहे. द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी असतात. त्यात राहणारे जिवाणू हवेतलं नत्र पकडून ते पिकाला उपयोगी पडेल अशा रूपात आणतात. म्हणजे खताचा एक भाग फुकटात मिळतो. वर चवळी आणि शेंगदाणा हे प्रथिनांचं स्वस्त अन्न. एकाच पिकात जमिनीचंही पोट भरतं आणि घरातल्यांचंही. आपल्याकडे विदर्भात कापसाच्या ओळींत तूर पेरतात, त्यातही द्विदल पिकाचा हाच फायदा मिळतो.

कार्व्हर यांनी अशा 44 पुस्तिका काढल्या. 1905 ची पुस्तिका कस गेलेली जमीन पुन्हा सुधारण्यावर होती. भाषा साधी. शेतकऱ्याला लागवड कळावी, शिक्षकाला शास्त्र कळावं आणि घरच्या बाईला पदार्थांच्या कृती मिळाव्यात, अशी त्यांची रचना. पण ज्याला वाचताच येत नाही त्याचं काय? आणि ज्याला एक दिवस काम सोडून टस्कीगीला यायला परवडत नाही त्याचं काय?

यावर उत्तर म्हणून आली ती गाडी.

कल्पना वॉशिंग्टन यांची, आराखडा कार्व्हर यांचा, पैसा मुख्यतः न्यूयॉर्कचे श्रीमंत बँकर मॉरिस जेसप यांचा. गाडी संस्थेच्या विद्यार्थ्यांनी बांधली. नाव पडलं जेसप वॅगन. 24 मे 1906 ला ती रस्त्यावर आली. गाडीत नांगर, पेरणीची अवजारं, बी-बियाणं, खताचे नमुने, दूध तपासायची साधनं, लोणी काढायचं यंत्र. खेचरं जुंपून ही फिरती शाळा वस्तीवर जायची. एखाद्याच्या शेतावर थांबायचं, शेजारीपाजारी गोळा करायचे आणि नुसतं भाषण न ठोकता त्याच मातीत नांगर घालून दाखवायचं. बायकांना दूध-लोणी, भाजीपाला, साठवणीचे पदार्थ दाखवायचे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय कृषी खात्याने टस्कीगीत शिकलेल्या थॉमस कॅम्पबेल या तरुणाला या कामावर नेमलं. कृषी खात्याचा तो पहिला काळा विस्तार अधिकारी. पुढे 1914 मध्ये अमेरिकेने कायदा करून सगळ्या देशात कृषी विस्तार सेवा उभी केली. नंतर टस्कीगीच्या खेचरांची जागा मोटार ट्रकने घेतली आणि त्यात परिचारिकाही फिरायला लागली.

तोवर नवं संकट आलं होतं. बोंडावरचा भुंगा. ही आपली बोंडअळी नव्हे, हा लांब सोंडेचा भुंगा. तो कापसाच्या पात्यांना भोक पाडून आत अंडी घालतो, अळ्या आतून खातात आणि पाती गळून पडतात. 1892 च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्ससमध्ये आलेला हा किडा 1910 पर्यंत अलाबामात पोहोचला. एकट्या कापसावर जगणारे हादरले. कार्व्हर इतकी वर्षं सांगत होते त्याकडे आता लोकांचं लक्ष गेलं. 1916 मध्ये त्यांनी भुईमुगाची लागवड आणि त्याचे 105 पदार्थ सांगणारी पुस्तिका काढली. उद्देश हा, की भुईमूग लावला तर त्याचं करायचं काय, हे शेतकऱ्याला आधी कळावं.

1921 मध्ये भुईमूग व्यावसायिकांनी त्यांना अमेरिकन संसदेच्या समितीपुढे पाठवलं. बाहेरून येणाऱ्या शेंगदाण्यावर कर हवा होता. बोलायला दहा मिनिटं मिळाली होती. ते एकेक नमुना काढून दाखवत गेले आणि समिती वेळ वाढवत गेली. पुढच्या वर्षी कर लागला. कार्व्हर देशभर प्रसिद्ध झाले.

या प्रसिद्धीने काही दंतकथाही चिकटवल्या. पीनट बटरचा शोध त्यांनी लावलेला नाही. त्या तीनशे वस्तूंपैकी बऱ्याच आधीपासून माहिती होत्या आणि बाजारात फार थोड्या चालल्या. त्यांच्या नावावर पेटंट तीनच आहेत. कारभार सांभाळण्यातही ते कच्चे होते. कोंबड्यांच्या खुराड्याच्या हिशोबावरून वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे खटके उडायचे आणि राजीनाम्याची धमकी त्यांनी बऱ्याचदा दिली.

त्याहून बोचरी गोष्ट वेगळीच आहे. सल्ला पटला तरी तो अमलात आणणं बटाईदाराच्या हातात नव्हतं. फेरपालट करायची तर मालक आणि दुकानदार कापसाचाच हट्ट धरून बसलेले. मेहनतीने जमीन सुधारली तर फायदा मालकाचा, आणि पुढच्या वर्षी तीच जमीन कसायला मिळेल याची खात्री नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून लाखो काळे लोक दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांकडे गेले. कार्व्हर यांच्या गाडीने ज्ञान दारापर्यंत नेलं, पण जमिनीची मालकी आणि कर्जाचा फास सोडवणं त्या गाडीच्या आवाक्याबाहेर होतं.

मग हे काम वाया गेलं का? तसं म्हणता येत नाही. ज्यांच्या हातात निदान परसबाग होती, त्यांना भाजी, शेंगदाणे, रताळी मिळवायचा रस्ता दिसला. आणि शेतकऱ्याला सल्ला देण्याआधी त्याच्या खिशात काय आहे ते बघायचं, ही रीत कार्व्हर यांनी स्वतः वागून दाखवली. महागडं औषध किंवा यंत्र सुचवणारी कुठलीही योजना आजही याच कसोटीवर तपासता येते. ज्याच्यासाठी ती आहे त्याला ती उधार न घेता करता येईल का? आणि तिचा फायदा त्याच्याच पदरात पडेल का?

5 जानेवारी 1943 ला टस्कीगीतच कार्व्हर गेले. लग्न केलेलं नव्हतं, राहणी अगदी साधी. आयुष्यभराची साठ हजार डॉलरच्या आसपासची शिल्लक त्यांनी संशोधनासाठी काढलेल्या संस्थेला दिली. त्याच वर्षी त्यांच्या जन्मगावचं शेत राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालं. एका काळ्या अमेरिकन माणसाच्या नावाने झालेलं ते पहिलं राष्ट्रीय स्मारक. याच शेतावरून कधीकाळी एका तान्ह्या बाळाला विकण्यासाठी पळवून नेलं होतं.