अमेरिकेची एलिझाबेथ, आपल्या कमलाबाई

आमच्या खारदांड्याला समुद्र अगदी दारात. आमच्या गल्लीत सात वर्षांचा एक मुलगा आहे, स्वमग्न. बोलत नाही, हाक मारली तर मान वळवत नाही, पण दार उघडं दिसलं की थेट पाण्याकडे धाव. मागच्या पावसाळ्यात भरतीच्या वेळी जाळं शिवत बसलेल्या एका काकांनी त्याला कमरेएवढ्या पाण्यातून उचलून आणलं. त्याची आई मासळी विकायला गेलेली. आल्यावर सगळे तिलाच बोलले. तिने दाराला उंचावर दुसरी कडी लावून घेतली आणि माझ्याकडे येऊन रडली, ताई, मी काय करू?

तिच्याबरोबर मी एका ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे गेले. पंचविशीतली मुलगी, केईएममध्ये शिकलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, याला पाणी आवडतं ना, मग पाण्यातूनच सुरुवात करू. मी चाटच पडले. घरी येताना विचारलं, हे तुमचं शिक्षण आपल्याकडे आणलं कुणी? तेव्हा तिने कमलाबाई निंबकरांचं नाव घेतलं. फलटणचं कमला निंबकर बालभवन मला माहीत होतं, पण ही शाळा ज्यांच्या नावाने आहे त्या बाई कोण, हे काही कधी विचारलं नव्हतं.

कमलाबाई मूळच्या एलिझाबेथ लंडी. 1900 साली अमेरिकेत, क्वेकर पंथाच्या घरात जन्म. साधी राहणी आणि दुसऱ्याची सेवा मानणारी ही माणसं. विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी त्यांनी लग्न केलं आणि 1930च्या सुमारास त्या मुंबईत आल्या. एलिझाबेथची कमला झाली. परक्या देशात, पारतंत्र्यातल्या देशात, सून म्हणून येणं त्या काळी सोपं नव्हतं. आपल्याला सासर चार स्टेशनं लांब असलं तरी जीव घाबरतो!

पण मला खरं थांबायला लावलं ते पुढच्या गोष्टीने. चाळिशी उलटल्यावर या बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात. शब्द फसवा आहे, धंद्याशी त्याचा संबंध नाही. बटण लावणं, घास तोंडात घालणं, विणकाम, मातीकाम, खेळ अशा रोजच्या कामांतूनच माणसाला पुन्हा उभं करायचं, असा हा उपचार. त्या काळात पोलिओ झालेली मुलं, कुष्ठरोगी, अपघातात हात गेलेले कामगार यांना औषध मिळे. पण घरी गेल्यावर जगायचं कसं, हे शिकवणारं फारसं कुणी नव्हतं.

परत येऊन 1950 साली त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. भारतातली ही पहिली. तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. 1952 मध्ये त्यांनी अखिल भारतीय संघटना उभी केली आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा पहिल्या दहा देशांत आपला देश होता. पुढे आशियातल्या पुनर्वसनाच्या कामावर त्यांनी एक नियतकालिक चालवलं. 1979 मध्ये त्या गेल्या. मुलगा बनबिहारी यांनी फलटणला शेतीसंशोधनाचं मोठं काम केलं, सून जाई निंबकर म्हणजे इरावती कर्व्यांची लेक. कमलाबाईंच्या नावाची शाळा फलटणला 1986 साली मॅक्सीन बर्नसन यांनी काढली. त्याही जन्माने अमेरिकनच. कुठल्या कुठे धागे जुळतात बघा.

कमलाबाईंच्या वेळी ऑटिझम हा शब्द आपल्याकडे डॉक्टरांनाही फारसा ठाऊक नसेल. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन करून तो मांडला 1943 साली. नंतर कित्येक वर्षं तर या मुलांच्या आजाराला आईच्या मायेचा कोरडेपणा जबाबदार धरला जाई. ते चूक होतं हे केव्हाच सिद्ध झालंय, पण गल्लीत ते कुणाला सांगायचं?

पाण्यातला उपचार आधी पोलिओवाल्यांसाठी गाजला, अध्यक्ष रूझवेल्ट वॉर्म स्प्रिंग्जच्या कोमट झऱ्यांवर जात म्हणून. पुढे 1949 पासून लंडनमध्ये जेम्स मॅकमिलन यांनी हॅलिविक पद्धत बसवली. ट्यूब नाही, फुगे नाहीत, प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस. पाणी अंगाला सगळीकडून सारखं दाबून धरतं, वजन हलकं करतं, त्यामुळे बिथरलेलं मूल निवतं. मग चेंडू देणं-घेणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हे खेळ सुरू होतात. तैवानमध्ये सोळा मुलांवर केलेला अभ्यास 2010 साली छापून आला. मुलं पोहायला शिकली आणि इतरांशी वागण्यातही सुधारणा दिसली. सोळाच मुलं, हेही लक्षात ठेवू या. पाण्याने ऑटिझम जात नाही. तसं सांगून पैसे मागणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. आणि शिकलेल्या माणसाशिवाय विहिरीत, नदीत हे प्रयोग मुळीच नकोत. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी केंद्र आहे का, ते आधी विचारा.

आमच्या मुलाला एका सोसायटीच्या तलावात आठवड्यातून एक तास मिळाला. पहिले तीन रविवार तो नुसता पाणी थोपटत राहिला. थेरपिस्ट त्याच्यासमोर उभी, गळ्यापर्यंत पाण्यात, थंडीने ओठ निळे. मला मनातल्या मनात कमलाबाई दिसल्या. सातव्या रविवारी लाल चेंडू दुसऱ्या मुलीकडे गेला. आमचा गडी ओरडला नाही. तिच्या हाताकडे बघत राहिला, मग तोंडाकडे. चेंडू परत येईपर्यंत.

काठावर त्याची आई बसली होती, मासळीची पाटी बाजूला ठेवून. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाढवली. दाराची वरची कडी मात्र अजून तशीच आहे. ती काढायची नाही, असं थेरपिस्टनेच बजावलंय.