स्मरणशक्तीचें माप घेणारा पंडित

परीक्षा आठ दिवसांवर येऊन ठेपली म्हणजे आमच्या वसतिगृहांत पाठांतराचा घोष उत्तररात्रीपर्यंत चालतो. आज घोकलेलें उद्यां कां आठवत नाहीं, हा प्रश्न त्या वेळीं आम्हां प्रत्येकास पडतो. पण परीक्षा संपली कीं तो प्रश्नहि आम्ही विसरून जातों. एका जर्मन पंडितानें मात्र तो मनांत धरून ठेविला, आणि घड्याळ व वही एवढ्याच साधनांनीं त्याचें उत्तर शोधून काढिलें. त्या पंडिताचें अल्पचरित्र वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हर्मान एबिंगहाउस यांचा जन्म ता. २४ जानेवारी १८५० रोजीं जर्मनींतील बार्मेन या गांवीं एका व्यापाऱ्याच्या घरीं झाला. सतराव्या वर्षीं ते बॉन येथील विश्वविद्यालयांत इतिहास व भाषाशास्त्र शिकावयास गेले. पुढें हाल्ले व बर्लिन येथें त्यांचें अध्ययन झालें, आणि मन तत्त्वज्ञानाकडे वळलें. १८७० सालीं प्रशिया व फ्रान्स यांचें युद्ध पेटलें, तेव्हां पुस्तकें मिटून ते सैन्यांत दाखल झाले. परत आल्यावर १८७३ सालीं बॉन येथेंच त्यांनीं डॉक्टर ही पदवी मिळविली. प्रबंधाचा विषय होता, हार्टमान या तत्त्ववेत्त्याची अबोध मनाविषयींची मीमांसा. तोंवर प्रयोग किंवा मोजमाप यांच्याशीं त्यांचा कांहींच संबंध आलेला नव्हता.

यानंतर कांहीं वर्षें इंग्लंड व फ्रान्स या देशांत शिकवण्या करून त्यांनीं उदरनिर्वाह केला. याच काळांत जुन्या पुस्तकांच्या एका दुकानांत फेक्नर या शास्त्रज्ञाचा १८६० सालचा ग्रंथ त्यांच्या हातीं पडला. हें दुकान पॅरिसमधील होतें, असें बहुतेक चरित्रकार सांगतात. वजन उचलतांना किंवा प्रकाश पाहतांना होणाऱ्या संवेदनेचेंहि गणित मांडतां येतें, हें फेक्नरनें त्यांत दाखविलें होतें. संवेदना मोजतां येते, तर स्मृति कां मोजतां येऊं नये, असा विचार या तरुणाच्या मनांत आला. त्या वेळच्या थोर पंडितांस तो मान्य होण्यासारखा नव्हता. १८७९ सालीं लाइपझिग येथें प्रयोगशाळा स्थापणारे वुंट यांचेंहि मत असें होतें कीं, स्मृति व विचार यांसारखे मनाचे उच्च व्यापार प्रयोगाच्या कक्षेबाहेरचे आहेत.

एबिंगहाउस यांजपाशीं ना प्रयोगशाळा होती, ना मदतनीस. म्हणून त्यांनीं प्रयोगासाठीं स्वतःलाच घेतलें. पहिली अडचण पाठ करण्याच्या मजकुराची. कविता घ्यावी, तर एक ओळ आवडीची असते, दुसरी रुक्ष. एका शब्दाबरोबर जुन्या दहा आठवणी जाग्या होतात. सर्वांस सारखें लागू पडेल असें माप मग कसें मिळणार? यावर त्यांनीं जी युक्ति काढिली, ती आम्हांस फारच नामी वाटते. दोन व्यंजनांच्या मध्यें एक स्वर घालून त्यांनीं सुमारें २,३०० अर्थहीन शब्दखंड तयार केले. आपल्या भाषेंत डूप, गेझ, लाफ असे कांहीं रचिले, तर त्यांची कल्पना येईल. हे खंड सरमिसळ करून त्यांच्या माळा बनवावयाच्या, घड्याळाच्या ठोक्यावर मिनिटास १५० या गतीनें त्या वाचावयाच्या, आणि न चुकतां म्हणतां येईपर्यंत थांबावयाचें नाहीं, असा क्रम होता. रोजची वेळ ठरलेली, आणि दिनचर्याहि शक्य तितकी एकसारखी. १८७९ व १८८० हीं वर्षें यांत गेलीं; आणि एवढ्यानें समाधान न होऊन १८८३–८४ मध्यें त्यांनीं हे प्रयोग पुन्हां केले. एकट्यानें बसून निरर्थक अक्षरें महिनोन्महिने घोकावयाचीं, हें काम किती कंटाळवाणें असेल, याची कल्पना पाठांतर करणाऱ्यांसच येईल!

विसरलेलें मोजण्याची त्यांची रीत अशी. एक माळ पाठ करण्यास जितका वेळ लागला, त्याची नोंद करावयाची. कांहीं काळानें तीच माळ पुन्हां पाठ करावयाची, आणि या खेपेस किती वेळ वांचला, तें पाहावयाचें. वांचलेला वेळ म्हणजे मनांत उरलेली स्मृति. २० मिनिटांनंतर शेंकडा ५८, एका तासानें ४४, एका दिवसानें ३४ आणि ३१ दिवसांनीं २१ इतका वेळ वांचला. म्हणजे विसरणें पहिल्या तासांत झपाट्यानें होतें, आणि मग तें मंदावतें. दुसरी गोष्ट तर आम्हां विद्यार्थ्यांच्या वर्मावरच बोट ठेवणारी आहे. बारा खंडांची माळ एकाच बैठकींत ६८ वेळां घोकून जें साधलें, तें तीन दिवसांत विभागून ३८ वेळांतच साधलें. बायरनच्या ‘डॉन जुआन’ काव्यांतील कडव्यांस अर्थहीन माळांच्या सुमारें एकदशांश श्रम पुरले, हेंहि त्यांनीं नोंदविलें आहे.

हे सर्व प्रयोग १८८५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले, आणि दुसऱ्याच वर्षीं बर्लिन येथें त्यांस दुय्यम प्राध्यापकाची जागा मिळाली. १८९० सालीं भौतिकशास्त्रज्ञ क्योनिग यांजसह त्यांनीं मानसशास्त्राचें एक नियतकालिक काढिलें. परंतु बर्लिनचें मुख्य अध्यासन १८९४ सालीं ष्टुम्फ यांस देण्यांत आलें, व एबिंगहाउस ब्रेस्लाउ येथें गेले. हें शहर १९४५ पासून पोलंडांत असून त्यास व्रोत्सवाफ म्हणतात.

ब्रेस्लाउ येथें शाळेच्या सलग तासांनीं मुलें किती थकतात, असा प्रश्न पुढें आला. त्यासाठीं त्यांनीं जागोजाग अक्षरें गाळलेले उतारे मुलांस पुरे करावयास दिले. १८९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतून थकव्यापेक्षां मुलांच्या आकलनशक्तींतील फरकच अधिक स्पष्ट झाला. पुढें फ्रान्समधील बिने यांनीं आपल्या बुद्धिमापनांत ही पद्धति घेतली. आमच्या प्रश्नपत्रिकेंतील गाळलेल्या जागाहि याच जातीच्या आहेत!

त्यांच्यावर आक्षेपहि आले. एकाच माणसाच्या स्मृतीवरून सर्वांचे नियम कसे ठरवावे? निरर्थक अक्षरांचा व्यवहारांतील आठवणींशीं काय संबंध? केंब्रिजचे बार्टलेट यांनीं १९३२ सालीं दुसरा आक्षेप जोरानें मांडला, आणि आमच्या मतें तो बराचसा खरा आहे. पहिल्यास मात्र उत्तर मिळालें आहे. २०१५ सालीं ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनीं तोच प्रयोग पुन्हां करून पाहिला, आणि विस्मृतीची रेषा जवळजवळ तशीच उतरली.

उतारवयांत त्यांनीं आपल्या स्मृतीची आणखी एक परीक्षा घेतली. बायरनचीं जीं कडवीं २२ वर्षांपूर्वीं पाठ केलीं होतीं, तींच पुन्हां पाठ करावयास घेतलीं. तेव्हांहि शेंकडा सुमारें सात इतके श्रम वांचले. १९०५ सालीं ते हाल्ले येथें प्राध्यापक झाले, आणि तेथेंच ता. २६ फेब्रुवारी १९०९ रोजीं फुप्फुसदाहाच्या विकारानें, वयाच्या एकुणसाठाव्या वर्षीं, निवर्तले. आपला मोठा ग्रंथ त्यांनीं फेक्नरच्या स्मृतीस अर्पण केला होता.