विश्लेषण : एमआरआय नव्हते तेव्हाचे मिरज आणि डॉ. वानलेस

अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या रुग्णावर आज शस्त्रक्रिया होते, तेव्हा त्याच्या छातीतील चित्रे डॉक्टरांनी आधीच पाहिलेली असतात. मिरजेला वैद्यकनगरीचा लौकिक मिळवून देणारे सर विल्यम वानलेस (१८६५-१९३३) यांना ही सोय नव्हती.

कोण होते डॉ. वानलेस?
कॅनडात जन्मलेले वानलेस न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन १८८९ मध्ये मिशनचे डॉक्टर म्हणून भारतात आले. आधी सांगलीत दवाखाना चालवून ते मिरजेत स्थिरावले. तेथे १८९४ मध्ये रुग्णालय आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली. तेव्हा सांगली, मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. १९४९ मध्ये हा भाग दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. सातारा जिल्ह्यातून येणाऱ्या पुणे-मिरज रेल्वेमुळे दूरच्या रुग्णांनाही मिरज गाठता येई.

निदान कसे होई?
रुग्णालय उभे राहिले तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. तो १८९५ मधला. मोतीबिंदू डोळ्याला दिसे, पोटातील गाठ हाताला लागे. वानलेस यांचे नाव झाले ते अशाच शस्त्रक्रियांमुळे. अन्ननलिका मात्र हृदयामागे, पाठीच्या कण्यालगत. घास अडतो, एवढेच रुग्ण सांगू शके. छातीतील अन्ननलिकेचा कर्करोग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया फ्रान्झ टोरेक यांनी न्यूयॉर्कमध्ये १९१३ मध्ये केली. एरवी जठराला छिद्र पाडून नळीने अन्न देणे, इतकेच शल्यचिकित्सकाच्या हाती असे.

एमआरआयलाही ती अवघड का?
हृदयाचे ठोके, श्वास आणि गिळणे यांमुळे अन्ननलिका सतत हलते. चित्र पुसट येते. त्यावर उपाय म्हणून ईसीजीशी जुळवून प्रत्येक ठोक्यातील ठरावीक क्षणीच संकेत टिपले जातात, श्वासाचा एकच टप्पा निवडला जातो आणि छातीवर संकेत टिपणारी कॉइल ठेवली जाते. मग गाठ भिंतीत किती खोल गेली, हे अधिक स्पष्ट होते. आधी केमोथेरपी द्यायची की थेट शस्त्रक्रिया करायची, हे बरेचसे त्यावरच ठरते.

पुढे काय झाले?
वानलेस १९२८ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९३३ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. जिवंत माणसाच्या छातीचे पहिले एमआरआय चित्र त्यानंतर ४४ वर्षांनी, १९७७ मध्ये निघाले. त्याला जवळपास पाच तास लागले. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते.